हेरोदापासून लपवलेलं बाळ

अंधेरीच्या आमच्या गावठाणावरून विमानं इतकी खालून जातात की माझी आत्या वैमानिकांना हात करून चहा विचारते. त्यातले दोघे उतरून चहा पिऊन गेले हे मी शपथेवर सांगतो, पण ते जाऊ दे. गोष्ट आत्याची आहे. तिने लग्न केलं नाही. पंचाहत्तरी ओलांडली तरी आमच्या मूळ घरात एकटी राहते, आणि नाताळचा सगळा कारभार तिच्या मुठीत.

नाताळला आमच्याकडे गोठा सजतो. गवत, मेंढरं, मरिया, जोसेफ, सगळे जागेवर असतात, फक्त मधली गव्हाण रिकामी. बाळ येशू चोवीस तारखेच्या चर्चमधल्या मिस्सानंतरच ठेवायचा. तोवर आजोबांच्या वेळचं ते तळहाताएवढं मातीचं बाळ आत्या लपवून ठेवते. हेरोद राजा बाळाला मारायला शोधत होता, म्हणून. कुठे लपवते ते कोणालाही सांगत नाही. मिस्साहून आलो की ती आतल्या खोलीत जाते, पदराखाली काहीतरी धरून बाहेर येते, आणि आम्ही पन्नाशीचे घोडे पोरांसारख्या माना उंचावतो. एका वर्षी ते बाटल्यांत भरतो त्या आमच्या तिखट बाटली मसाल्यात होतं. पुढे आठवडाभर अख्खा गोठा शिंकत होता, गाढवासकट.

गेल्या नाताळला मात्र घरात कोणी मोकळं हसत नव्हतं. पावसाळ्यापासून आत्या गॅस चालू ठेवून शेजारी जाऊन बसायला लागली होती. मुलुंडला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने वसईच्या एका वृद्धाश्रमात तिच्यासाठी खोली बघून ठेवली. तो वाईट माणूस नाही. घाबरला की तो व्यवस्थित वागायला लागतो, एवढंच. नव्या वर्षात हलवायचं ठरलं होतं, तिला सांगायचं तेवढं बाकी होतं, आणि तिने ते आधीच ओळखलं होतं. चोवीस तारखेला सकाळपासून भाऊ परीक्षेच्या हॉलमधल्या मास्तरासारखा तिच्या मागे-मागे फिरत होता. इंद्यालाच्या रश्श्यात मीठ पुन्हा पडलं का, कोणाला भलत्याच नात्याने हाक मारली का.

दुपारी आत्याने माझं मनगट धरलं, मला मोरीत ओढलं आणि आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडला.

"कुठे ठेवलं रे मी?"

मला वाटलं औषध. मग तिचं तोंड बघितलं.

"थोरल्याला कळू देऊ नको. कळलं की संपलं माझं."

संध्याकाळी सगळे मिस्साला निघाले तेव्हा मी म्हणालो, फुगे तळायला थांबतो. फुगे म्हणजे आमचे नाताळचे गोल, तळलेले पाव. मी आजवर पाणीसुद्धा न करपवता तापवलेलं नाही, त्यामुळे भावाने माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. पण गेला.

मग मी घराची आतडी बाहेर काढली. तांदळाचे डबे उपसले, उशांची पोटं उसवली, शिलाई मशीन उलटी केली. माळ्यावर माझ्यापेक्षा वयाने मोठा एक उंदीर भेटला, त्यालाही विचारलं. गल्लीत रिक्षा थांबली की मी डब्यांची झाकणं लावायला धावायचो. बाजारातून दुसरं बाळ आणावं असंही मनात आलं. पण खऱ्या बाळाच्या डाव्या पायाचा अंगठा भावानेच लहानपणी चावून तोडलेला. तो आधी पायच बघणार.

ते आले. गोठ्याभोवती उभे राहिले. मी आत्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. ती तरीही आतल्या खोलीत गेली. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला, मग काहीच येईना. ती बाहेर आली तेव्हा दोन्ही हात मोकळे होते आणि पदर खांद्यावर नीट लावलेला.

भाऊ हळूच म्हणाला, "आत्या, आठवत नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. "विसरले. वसईला न्यायचंय ना मला? येते. पण बाळ या घरात आहे, तेवढं मला पक्कं ठाऊक आहे. ते आधी शोधून द्या. त्याला कुलपाच्या आत एकटं टाकून मी उंबरा ओलांडणार नाही. तू टाकशील?"

माझा भाऊ शेंबडा होता तेव्हापासून वेदीवर सेवा करत आलाय. दाढीसुद्धा आधी क्रूसाची खूण करून मग करतो. तो रिकाम्या गव्हाणीकडे बघत राहिला.

"शोधू या," शेवटी तो म्हणाला.

सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत गोठा तसाच रिकामा राहिला. मी बोरिवलीची भाड्याची खोली सोडून आत्याकडे राहायला आलो. रोज निजण्याआधी गॅसचं बटण मी बघतो. भाऊ दर रविवारी मुलुंडहून टॉर्च घेऊन येतो, शोधतो, जेवतो, आत्याशी पत्त्यांत हरतो आणि जातो. वसईची खोली दुसऱ्या कोणीतरी घेतली.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात मला ते बाळ सापडलं. कोनाड्यात, आत्याच्या जुन्या लोकरीच्या टोपीत गुंडाळलेलं. अंगठा चाचपला, तुटका होता. आत्या शेजारच्या खोलीत झोपली होती. मी ते उचललं आणि दुसरीकडे ठेवलं. कुठे, ते इथे लिहीत नाही, भाऊ माझं सगळं लिखाण वाचतो.

गेल्या रविवारी तो म्हणाला, आता फक्त छपराच्या वाशांवर बघायचं राहिलंय. मी शेजाऱ्यांकडून शिडी आणली आणि तो वर चढेपर्यंत घट्ट धरून उभा राहिलो.