माफीपत्राचा तिसरा परिच्छेद

२४ सप्टेंबर. नवरात्राचे ब्लाऊज पिशव्यांत भरून प्रत्येक पिशवीला नावाची चिठ्ठी टाचायची होती. निम्म्या झाल्या आणि पोस्टमनने नोटीस हातात दिली.

मालाडमधल्या जुन्या व्यापारी इमारतीत माझं शिलाईचं दुकान आहे. गाळा भाड्याचा, करार अकरा महिन्यांचा, आणि तो संपायला तीन आठवडे उरले होते. पावसाळ्यात छताचं प्लास्टर कापायच्या टेबलावर कोसळलं. मालकाला तीनदा सांगून झालं. मग पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात तक्रार दिली आणि गाळेधारकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून लिहिलं, 'स्लॅब धोकादायक आहे, सांभाळा.' नोटिशीत मालकाचा वकील याला बदनामी म्हणत होता. तक्रार मागे घ्या, लेखी माफी मागा, नाहीतर पन्नास लाखांचा दावा.

मालक ग्रुपमध्ये नाही. तरी नोटिशीला माझ्या मेसेजचा फोटो जोडलेला, त्यातली अक्षरं चण्याएवढी. फोनवर एवढी मोठी अक्षरं फक्त शेजारचे स्टेशनरीवाले काका ठेवतात. सरळ जाऊन विचारलं.

"त्यांनी फोन मागितला, मी दिला," काका म्हणाले. "माझापण करार संपतोय ना गं."

त्यानंतर मी ग्रुपवर साधं 'ओके'सुद्धा लिहिलं नाही.

वकील मैत्रिणीला फोन केला. "हा दावा जिंकायला नाही गं, तुला दमवायला आहे," ती म्हणाली. "बाहेर काही ठिकाणी सुरुवातीलाच अर्ज करता येतो, की हा खटला तोंड बंद करायला घातलाय, काढून टाका. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. उत्तर द्यायचं आणि तारखांना जायचं."

"म्हणजे माझी वाट लागली."

"खरं लिहिलंस ना? फोटो आहेत ना? मग रडू नकोस. फक्त कशावरही सही करू नकोस."

आठवडाभराने मालक स्वतः आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. वर्षभरात त्याने मला पाणीही विचारलं नव्हतं.

"ताई, कशाला कोर्टकचेरी? या माफीपत्रावर सही करा. नोटीस मागे घेतो, करार पुढे चालू."

शिवलेला कपडा मी आधी उलटा करून शिवण बघते. कागदही शेवटाकडून वाचला. तिसऱ्या परिच्छेदात होतं, 'मी पोटमाळा बांधताना स्लॅबला धक्का लागला.' पोटमाळा मी यायच्या आधीपासून आहे. सही केली असती तर स्लॅब मी फोडला असा माझाच कबुलीजबाब त्याच्या हातात, आणि मला बाहेर काढायला तेवढं कारण पुरे.

"आधी नवा करार नोंदवू, मग बाकीचं बोलू," मी म्हटलं.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही."

कागद परत घ्यायला तो पुढे झाला. मी म्हटलं, "राहू दे, माझ्या वकिलाला दाखवते." पेढे मात्र त्याला परत न्यायला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापायचं टेबल पडक्या छताखालून ओढून शटरजवळ आणलं. दुकान उशिरा उघडेल अशी पाटी लावली आणि वॉर्ड ऑफिस गाठलं. स्लॅबची तपासणी कधी करणार, असं विचारणारं दुसरं पत्र दिलं, सोबत त्या माफीपत्राची झेरॉक्स जोडली; स्लॅबला धक्का लागलाय हे त्यात मालकानेच लिहून आणलं होतं. खिडकीतला कारकून म्हणाला, "पत्र ठेवून जा." माझ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारेपर्यंत मी खिडकी सोडली नाही.