वंदनाचे तीन नमुने

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. सांगायचं म्हटलं की वाटायचं — माती सुकवण्याची गोष्ट, त्यात एवढं काय आहे? आता साठी जवळ आली, आणि लपवून ठेवायचाच कंटाळा आलाय. दमलेय मी.

वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवायचे. चिकणमाती हाताला कशी लोण्यासारखी लागते ना? तीच हजारो पट मोठी करून पाहिली की आत पातळ पापुद्रे दिसतात, एकमेकांना टेकवून उभे केलेले — पत्त्यांचा बंगला करतात तसे. मधल्या पोकळ्यांत पाणी. यंत्रात घालण्याआधी ते काढावं लागतं. द्रवरूप नायट्रोजनमध्ये ओली माती क्षणात गोठवायची आणि मग निर्वातात सुकवायची, म्हणजे बंगला जागच्या जागी राहतो. ओव्हनमध्ये टाकली तर माती आकसते, तडे जातात. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. म्हणून तर —

थांबा. आधी वंदनाबद्दल सांगते.

वंदना कांबळे. कल्याणच्या चाळीत वाढलेली, आई शाळेत शिपाई, घरात कॉलेजचं तोंड बघणारी ही पहिलीच. आमच्याकडे नोकरी करत करत पीएचडी करत होती. खडवलीला नदीचा एक काठ दर वर्षी घसरतो, तो का घसरतो — हा तिचा विषय. गुडघाभर चिखलात उतरून तिने तीन नळ्यांत माती घेतली, नळ्यांची तोंडं मेणाने बंद केली, ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवून आणली. "मीनाताई, सांभाळा हां. बाळं आहेत माझी," म्हणाली. हसत होती.

गोठवायचं काम माझं. नायट्रोजन मागवायचं कामही माझंच — आणि मी ते विसरले होते. टाकी रिकामी. यंत्र दोन दिवसांनी तिच्या नावावर राखून ठेवलेलं. मागच्याच महिन्यात अशाच एका विसरण्यावरून सर — आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, वंदनाचे पीएचडीचे मार्गदर्शकही तेच — मला सगळ्यांसमोर बोलले होते. पुन्हा ऐकून घ्यायचं? एवढंच कारण. दुसरं कुठलंही नव्हतं, शोधून पाहिलंय मी. नळ्या उघडल्या तेव्हा खोलीत मी एकटीच होते. माती ओली होती, छान ओली. तिन्ही नमुने ओव्हनमध्ये ठेवले आणि दार लावलं.

पडद्यावर तडे दिसले. लांबच लांब, एकाच दिशेने गेलेले. वंदना पडद्याला नाक लावून बघत होती. "इथूनच पाणी शिरतंय बघा ताई! म्हणून काठ घसरतो!" तेव्हा सांगता आलं नसतं? एक वाक्य तर होतं. मी फोटो काढत राहिले. त्या तड्यांवर तिने अख्खं प्रकरण लिहिलं.

मग सरांच्या ओळखीचे एक तज्ज्ञ आले. फोटो बघून दोन मिनिटांत म्हणाले, "हे तडे नदीकाठचे नाहीत. उष्णतेने सुकलेल्या मातीचे आहेत."

सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. "नमुने सुकवले कुणी?"

वंदनाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. ताई आता नीट समजावून सांगतील, अशी वाट बघत होती ती. आणि मी म्हणाले, "सर, माझ्याकडे आले तेव्हाच कोरडे होते."

सरांनी लगेच मानलं. कुलकर्णीबाई, म्हणजे मी, इतक्या वर्षांच्या अनुभवी — आणि ही? हिला कुठून कळणार असलं नाजूक काम, असा त्यांचा सूर. त्या सुरात काय काय होतं ते मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं, आणि सोयीचं होतं.

बाहेर जिन्यात ती थांबली. "ताई, मेण नीट बसलं नसेल का हो? उन्हातून आणली मी…"

ती स्वतःवरच संशय घ्यायला लागली होती. मी काय केलं असेल? तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "असेल गं. होतं असं."

सरांसमोरचं खोटं भीतीपोटी होतं. हे कशापोटी?

पुन्हा माती आणावी, तर त्या काठावर तोवर काँक्रीटची भिंत झाली होती. सरांनी तिला पीएचडीसाठी मार्गदर्शन करणं सोडलं. वर्षभरात ती नोकरीही सोडून गेली. मी यंत्र चालवत राहिले.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. शहाडला अकरावी-बारावीचे क्लास घेते. "ताई, एकदा या ना, मुलांशी बोला." मी गेले. नाही का म्हटलं नाही, माहीत नाही. खोली भरलेली होती. वंदनाच्या केसांत आता पांढरं दिसत होतं. मुलांना म्हणाली, "ह्या मीनाताई. माझ्या नमुन्यांची मी हेळसांड केली, तेव्हा सगळे बोलले मला. ह्या एकट्या बोलल्या नाहीत."

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले. चिकणमातीवर वीस मिनिटं बोलले. नमुना कसा जपायचा, तेही सांगितलं. वंदना पहिल्या बाकावर बसून लिहून घेत होती.