दहावं मूल

ऑफिसात त्यांना सगळे सरासरीबाई म्हणत, समोरसुद्धा. शिक्षण खात्यात आकडेमोड करणाऱ्या त्या एकट्याच. तीस वर्षं मुलांचे गुण तपासून त्यांचं ठाम मत झालं होतं, की मुलांना कसंही शिकवा, ती बेचाळीसच्या आसपास येऊन थांबतात. घरी नवऱ्याने भाजी कशी झालीय विचारलं, तर म्हणायच्या, "एका दिवसावरून काही सांगता येत नाही."

त्या वर्षी संचालकांच्या डोक्यात आलं: तिसरीचं गणित मणी मोजून शिकवावं की पाढे घोकून? आणि सकाळी की दुपारी? दोन्ही गोष्टी एकदमच तपासायच्या. बाईंनी कागदावर चार चौकोन आखले: मणी-सकाळ, मणी-दुपार, पाढे-सकाळ, पाढे-दुपार. प्रत्येकात चिठ्ठ्या टाकून दहा मुलं. सगळं जुळलं आणि मणी-दुपारमधल्या एका मुलीच्या वडिलांची बदली झाली. उरली नऊ.

"नऊवर भागेल, साहेब," बाई म्हणाल्या. "आकडेमोड थोडी वाढेल, इतकंच."

"मंजुरी चाळीस मुलांची आहे. एकोणचाळिसांचा अहवाल वर कुठल्या तोंडाने पाठवू?"

दारात फाइल घेऊन उभे असलेले हेडक्लार्क खाकरले. वय सत्तावन्न, टक्कल चकचकीत.

"मी बसतो," ते म्हणाले. "फॉर्मवर वय विचारलेलं नाही. 'तिसरीचं गणित येतं का' एवढंच आहे. मला येत नाही. आजवर कॅल्क्युलेटरने अब्रू राखली."

बाईंनी कपाळाला हात लावला. संचालकांनी सही केली.

सोमवारपासून हेडक्लार्क दुपारी शाळेत जाऊ लागले. बाक एवढासा, गुडघे पार हनुवटीला टेकायचे. आठवड्याने बाई पाहणीला गेल्या, तेव्हा हेडक्लार्कांनी बोट वर केलेलं होतं.

"हातचा एक म्हणजे नेमका कुणाच्या हातचा?"

वर्ग खो खो हसला. शिक्षिका मात्र हसली नाही. "काका, हात पुढे करा," ती म्हणाली. तिने दहा सुटे मणी ओवले आणि ती चिमुकली माळ त्यांच्या तळहातावर ठेवली. "हा दहाचा एक. आता तुमच्या हातचा."

हेडक्लार्क माळेकडे बघतच राहिले. "एवढंच होतं होय!" म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काका, वही भिजेल," शेजारची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

परीक्षा झाली. तीन चौकोनांत सरासरी बेचाळीस. मणी-दुपारमध्ये साडेसत्तेचाळीस! संचालक खुर्चीतून उठलेच. "म्हणजे मणी दुपारीच चालतात!"

"साहेब, मणी चालले ते हेडक्लार्कांवर. त्यांना सत्त्याण्णव आहेत. त्यांना काढलं तर इथेही बेचाळीसच."

"मग काढायचं कशाला?"

बाईंना खोटं लिहिता येत नसे. त्यांनी खाली मान घालून लिहिलं: 'मण्यांची पद्धत दुपारच्या वेळी सत्तावन्न वर्षांच्या मुलांना उत्तम लागू पडते.' वाटलं, वर कुणीतरी वाचेल, हसेल, प्रकरण मिटेल. संचालकांनी न वाचता सही केली.

वर मात्र वाचलं गेलं. महिन्याभरात हुकूम आला: सर्व कार्यालयांतील सत्तावन्न वर्षांच्या मुलांना दुपारी मणी देण्यात यावेत.

संचालकही सत्तावन्नचेच होते. पहिल्या दिवशी शिपायाने त्यांना वर्गाच्या दारापर्यंत पोचवलं. आत अठरा माणसं दाटीवाटीने बसली होती. जमाखर्च विभागाचे प्रमुख आणि टपाल विभागाचे प्रमुख खिडकीजवळच्या जागेवरून हमरीतुमरीवर आले होते. हेडक्लार्क तिथे नव्हते. ते रीतसर चौथीत गेले होते, अपूर्णांक शिकायला.

बाई वही घेऊन मागे उभ्या राहिल्या. संचालकांनी मणी मोजले, पुन्हा मोजले, आणि हळूच मागे वळून कुजबुजले, "बाई, माझ्याकडे नऊच आलेत."

"शिक्षिकेला सांगा, साहेब," बाई म्हणाल्या. "बोट वर करून."