भेळेची प्लेट हातात धर

आईला परळच्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं, तेव्हाच घरात सगळ्यांनी मिळून थापही ठरवली. आम्ही दोघी मुंबई बघायला, खायला-प्यायला चाललोय. गावात आजाराचं नाव निघालं की लोक शेवटचं बघायला आल्यासारखे येतात, आणि धाकट्या बहिणीची सोयरीक जमत आली होती. थाप माझी नव्हती, पण गावाला पाठवायचे फोटो काढायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

जन्मभर मिश्री लावून आईच्या गालाला आतून जखम झाली होती. ती कधीची दूधभातावर होती. तिखटाचा कण लागला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. तरी तपासण्यांच्या मधल्या वेळात मी तिला दादरला वडापाव घेऊन उभी केली, लालबागला चिवड्याच्या दुकानापुढे उभी केली. ती पदर सारखा करून हसायची. फोटो निघाला की खाणं माझ्याकडे. मला त्या वासांचाच वीट आला.

रिपोर्ट आला त्या दुपारी डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं. बाहेर आले तर आई पिशवी उचलून निघायच्या तयारीत होती. मीच म्हणाले, "साधी जखम आहे, औषधानं बरी होईल. चल, चौपाटी राहिलीय."

गिरगाव चौपाटीवर भेळ घेतली, फोटो पाठवला. लगेच गावाकडच्या शेजारच्या काकूचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"कशी हाय वैनी भेळ?"

"काय सांगू बया," आई म्हणाली. "कैरी घातलीया बारीक चिरून. चटणी अशी झणझणीत, कान गरम झालं माझं. तुला आणाय पायजे हुतं."

काकू पलीकडे हसत होती. मला दोघींचा राग आला. आईचा जास्त, कारण तिला खोटं इतकं सहज जमत होतं. प्लेट तिच्या मांडीवर भरलेलीच होती.

फोन ठेवून तिनं प्लेट माझ्या हातात दिली.

"पटलं का गं तिला?"

"पटलं."

"मग तू मघाशी डॉक्टरचं सांगितलंस, ते मलाबी पटलं असं धर," ती म्हणाली. "खा आता. शेव मऊ पडली."