झरोक्यातलं पोतं

सोनईतला आमचा गॅस गिझरवाला काम करताना कुणाला बोलू देत नाही. परवा बायकोला आंघोळीत चक्कर आली, म्हणून घाबरून त्याला बोलावलं. नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून तो श्वास रोखून पाहत राहिला. एकही बुडबुडा आला नाही.

"म्हणजे गळती नाही," मी सुटकेनं म्हणालो.

त्यानं वर पाहिलं. थंडी येऊ नये म्हणून मी न्हाणीघराच्या झरोक्यात कोंबलेलं पोतं त्यानं ओढून काढलं.

"गॅस जळतो तवा इख हुतं. त्याला भाईर जायला वाट नको व्हय?"

पोतं काखोटीला मारून तो निघाला. माझी नजर कोपऱ्यातल्या दुसऱ्या पोत्याकडे गेली. तो दारातच थांबला.

"ते बी द्या."