सायनसवाल्यांच्या शंका

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहिलं की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही, तेच चालत येतात. त्यात दुकान नंदुरबारला! मिरचीचा हंगाम सुरू झाला, पथाऱ्यांवर लाल मिरची वाळायला पडली, की अख्खं गाव शिंकायला लागतं. मग ज्याचं त्याचं कपाळ दुखतं आणि प्रत्येक जण येऊन सांगतो, "ताई, सायनस शे."

डोकं हलकं करायला आलेली ही माणसं मनात शंका मात्र भरपूर घेऊन येतात. गोळीवर शंका, डॉक्टरवर शंका, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. खरं सांगू? मलाही आता त्यांचीच सवय लागलीय.

* * *

आमचे एक रिटायर्ड गुरुजी. आठवड्याला एक पांढऱ्या गोळ्यांची स्ट्रिप न्यायचे. एकदा पिशवीतून छत्री काढताना त्यांची दुसरी स्ट्रिप खाली पडली. पिवळ्या गोळ्या, समोरच्या मेडिकलमधल्या.

मी उचलून वाचलं. नाव वेगळं, कंपनी वेगळी, आतलं औषध तेच!

"गुरुजी, या दोन्ही घेता?"

"बरोबरच घेतो."

"अहो, दोन्हींत पॅरासिटामॉलच आहे. दुप्पट डोस जातोय तुम्हाला. रोज असं केलंत तर लिव्हर जाईल!"

गुरुजींनी आधी रस्त्याच्या पलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्याचं असं आहे ताई, हल्ली कोण अस्सल माल देतं सांगता येत नाही. दोन दुकानांतून घेतल्या म्हणजे एक तरी खरी असेल!"

"आणि दोन्ही खऱ्या निघाल्या तर?"

ही शक्यता मात्र त्यांनी कधी विचारातच घेतली नव्हती!

* * *

खोंडामळीहून बाजाराला येणाऱ्या एक मावशी आहेत. साधी गोळी दिली की काउंटरवरून परत माझ्याकडे सरकवतात.

"हाई नही. शेठनी सूनले जी देतस ना, ती द्या."

मावशींची पक्की समजूत आहे, की चांगला माल आम्ही घरच्यांसाठी कपाटात ठेवतो. मी शपथेवर सांगितलं, की शेठच्या, म्हणजे आमच्या दुकानमालकांच्या, सूनबाई हीच गोळी घेतात. विश्वास बसेना. योगायोगाने सूनबाई तेव्हा दुकानातच होत्या. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा यांना."

सूनबाईंनी गोळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि मला विचारलं, "मॅडम, खरं सांगा हं. मला तुम्ही एक्सपायरी जवळ आलेली देता ना?"

* * *

कचेरीतल्या एक क्लार्क मॅडम रोज डोकेदुखीची गोळी घ्यायच्या. सर्दी असो, नसो. मी एकदा हळूच म्हटलं, "मॅडम, रोज गोळी घेतली की पुढे पुढे गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. आणि हे सायनसच आहे असं कोणी सांगितलं? एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा."

त्यांनी पर्स बंद केली. "गोळीनेच डोकं दुखतं?"

"हो, जास्त दिवस घेतली तर."

"म्हणजे गिऱ्हाईक टिकवायची ही तुमची आयडिया आहे तर!"

रागारागात गेल्या, पण गेल्या डॉक्टरकडेच. सायनस नव्हतंच, मायग्रेन निघालं. आता औषध त्याचं चालू आहे आणि त्या बऱ्या आहेत. माझ्याशी मात्र अजून बोलत नाहीत!

* * *

एक टेम्पोवाला अक्कलकुव्याला माल घेऊन चाललेला. नाक चोंदलेलं, डोळे लाल. म्हणाला, "एक सर्दीनी द्या, एक डोकानी द्या, दोन्ही आठेच खाई लेस."

मी हात मागे घेतला. "सर्दीच्या गोळीने झोप येते. गाडी चालवायची आहे का?"

तो एकदम सावध. दुकानात नजर फिरवली, रस्त्यावर फिरवली, आवाज खाली आणला. "ताई, तुम्ही आरटीओना मानूस शेतस का?"

* * *

आमच्या शेठचं मूळ राजस्थानातलं, पण तीन पिढ्या नंदुरबारात. माणूस चांगला. फक्त मी गिऱ्हाइकाला फार प्रश्न विचारते, ही त्यांची तक्रार. "मॅडम, गोळी देने का. इंटरव्ह्यू नहीं लेने का!"

मागच्या वर्षी दुखण्याच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा फुटलेल्या सापडायला लागल्या. इथून एक गोळी गायब, तिथून एक गायब. शेठना माझा संशय. मला सेल्समनचा संशय. सेल्समनला कोणाचा होता कोण जाणे, पण तो डबा घेऊन बाहेर जेवायला लागला. शेवटी शेठनी कॅमेरा बसवला.

आठवडाभराने फुटेज बघायला आम्ही तिघे बसलो. स्क्रीनवर एक हात कोपऱ्यातल्या खोक्यात गेला आणि एक गोळी काढली. दुपारी तोच हात दुसऱ्या खोक्यात. संध्याकाळी तिसऱ्यात. हातात शेठचीच पोवळ्याची अंगठी!

शेठनी अंगठीचा हात खिशात घातला. मग म्हणाले, "कॅमेरा खराब है."

मला मात्र हसू येईना. कारण ती तीन खोकी मी ओळखत होते. तिन्ही पेनकिलर एकाच जातीच्या. एकावर एक घेतल्या तर डोकेदुखी काही जास्त थांबत नाही, पोट मात्र आतून सोलून निघतं. आणि शेठचा चेहरा महिनाभर पांढराफटक दिसत होता. जिना चढताना ते मध्येच थांबायचे.

सेल्समनला बाहेर पाठवून मी सरळ विचारलं, "शेठ, शौचाला काळं होतं का?"

शेठ खुर्चीतून ताडकन उठले. "वो भी दिखता है क्या कॅमेरे में?"

त्याच दुपारी त्यांना हॉस्पिटलात हलवलं. पोटात अल्सर होऊन आतल्या आत रक्त जात होतं, वरून रक्त द्यावं लागलं. शेठाणी दाराशी बसून रडत होत्या. अंगात त्राण येऊन जरा बोलायला लागले तेव्हा पहिलं वाक्य माझ्यासाठी होतं. "मॅडम, आपने पूछा क्यों नहीं पहले?"

सगळ्यांचे इंटरव्ह्यू घ्यायची परवानगी मात्र मला तिथेच मिळाली.

* * *

आता हा शेवटचा. सगळे ठणठणीत आहेत, म्हणून सांगते.

पथारीजवळ भटूभाऊ आणि शोभा यांचं मिरची कांडप आहे. एक दिवस शोभा आली, दुकानात कोणी नाही बघून म्हणाली, "ताई, डोकं दुखानी अशी गोळी द्या, बारीक करी टाकी तर कोनले समजाले नको."

माझे कान टवकारले. "कशात टाकणार?"

"चहामा. नवराले. रोज डोकं धरी बठस, पन गोळी म्हनजे जहर सांगस!"

मी साफ नकार दिला. माणसाला न सांगता औषध द्यायचं नसतं, ते का देऊ नये, सगळं समजावलं. ती "बरं बरं" म्हणत निघाली, आणि मी बघत असताना रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये शिरली!

चार-पाच दिवसांनी भटूभाऊ आले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "डोकं दुखानी गोळी द्या. बाईले सांगू नका. तिनापुढे मी कधी गोळी घेस नही."

एक गोळी बायको चहातून देतेय, दुसरी हा स्वतः खातोय!

"भाऊ, घरचा चहा कसा लागतो?"

भटूभाऊंचा चेहरा उतरला. "तुम्हाले कसं माहीत? कडू लागस. ताई, खरं सांगा, बाईनी काय ली गई तुमना दुकानमाईन? चार दिवसपाईन मी तो चहा पेतच नही!"

मी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे ओतून देता?"

"दूधना चहा कशा ओतू? सासू येल शे ना गावथीन. तिले दी देस."

"भाऊ! ज्या चहाचा संशय आला, तो सासूला?"

भटूभाऊ भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

पण मला थांबून चालणार नव्हतं. शोभाच्या आईला गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या माझ्याच हातून गेल्या होत्या. त्यावर रोज चहातून ही दुसरी, बहुधा त्याच जातीची! शेठचं ताजं होतं. दुकान सेल्समनवर सोडून मी भटूभाऊंच्या मोटारसायकलवर बसले.

आजी खाटेवर पडून होत्या. पोटात आग, जेवण तुटलेलं, पायांवर सूज. शोभाला वाटत होतं मिरचीची बाधा झाली. मी काय ते सांगितलं तेव्हा ती आईचे पाय धरून रडायला लागली. आजींना कळेना, पोरगी पाया का पडतेय!

रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. दोन्ही गोळ्या बंद, रक्ताच्या तपासण्या, सलाइन. किडनीवर जरा ताण आला होता, पण वेळेत सापडलं. डॉक्टरांनी भटूभाऊंनाही धरून बसवलं, तर सायनस कुठलं! बीपी भलतंच वाढलेलं. आता ते बीपीची गोळी घेतात, शोभासमोर, पाण्याबरोबर.

आजींना मात्र खरं काय घडलं ते आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. बऱ्या झाल्यावर गावी जायच्या आधी त्या दुकानात आल्या. मला म्हणाल्या, "ताई, मन्हा जावाई देवमानूस व्हता. रोज स्वतःना चहाना कप माले देये."

"मग?"

आजी काउंटरवर वाकल्या, मागे वळून शोभा लांब आहे ना हे पाहिलं आणि माझ्या कानात कुजबुजल्या, "आते देत नही. मन्हीच पोरनी त्याना कान भरेल शेतस!"