इटालियन मावशीचं गाणं

मला जाझमधलं ओ की ठो कळत नाही. बायकोलाही कळत नव्हतं. पण ती माझ्यामागून अमेरिकेत डिपेंडंट व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही, आणि रेडमंडचा पाऊस माणसाला घरात कोंडून वेड लावतो. म्हणून तिने कम्युनिटी सेंटरमधल्या गाण्याच्या क्लासला नाव नोंदवलं. शिकवणारी एक म्हातारी बाई होती, जन्मलेली इथलीच, पण घराणं इटालियन. पहिल्याच आठवड्यात हिने तिची "इटालियन मावशी" करून टाकली.

"अगं, पण जाझ म्हणजे करतात काय?" मी विचारलं.

"चुकल्यासारखं गायचं, पण चुकायचं नाही," ती म्हणाली.

बाकीचे सगळे इंग्रजीत गायचे. हिने मात्र हट्ट करून मावशीकडून एक इटालियन गाणं मागून घेतलं. "इंग्लिशमध्ये गायलं की लोक माझा अ‍ॅक्सेंट ऐकत बसतात रे. इटालियनमध्ये निदान गाणं तरी ऐकतील." दुकानात, बँकेत, फोनवर, रोज कोणीतरी "सॉरी?" म्हणून तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावायचं. ती हसून पुन्हा म्हणायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

त्या गाण्याची कथा मावशीनेच सांगितली. चाल अमेरिकन. मावशीची आई लहानपणी बोटीने इकडे आलेली. इंग्रजी कच्चं, पण डान्स हॉलमध्ये गायची हौस दांडगी. तिच्या नवऱ्याने तिच्यासाठी त्या चालीवर इटालियन शब्द बसवून दिले. एका छोट्या स्टुडिओत त्यांनी तबकडीही काढली होती, ती पुढे घर बदलताना फुटली. तेव्हापासून गाणं फक्त मावशीच्या तोंडी उरलं होतं, आणि तिचा गळा आता साथ देत नव्हता. बायकोचे 'त' आणि 'द' ऐकून मावशी रडलीच. तिची आई अशीच जीभ दातांना लावून बोलायची म्हणे. अमेरिकन विद्यार्थ्यांना ते कधी जमलं नाही.

मग मावशीने ओळखीच्या एका रेकॉर्डिंगवाल्याच्या बेसमेंटमध्ये ते गाणं हिच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतलं. मी कोपऱ्यात मांडीवर कोट घेऊन बसलो होतो आणि हे कधी संपतंय याची वाट बघत होतो.

पुढच्या हिवाळ्यात बायको गेली. दुखणं कळलं तेव्हाच उशीर झाला होता.

आमचे सगळे व्हिडिओ तिच्या फोनमध्ये. पासकोड तिने कधी सांगितला नाही, मी कधी विचारला नाही. लग्नाची तारीख घालून पाहिली, पुण्याच्या फ्लॅटचा नंबर घातला, आणि शेवटी त्या मेल्या फोनने स्वतःला कायमचं कुलूप लावून घेतलं. माझ्या फोनमध्ये तिचे नुसते मेसेज. दूध आण. कोथिंबीर आण. लोक म्हणतात, आठवणी असतात ना. असतात, पण त्यांना आवाज नसतो, आणि मला तिचा आवाज हवा होता.

उरलं ते गाणं. त्याची फाइल मावशीने तेव्हाच पाठवली होती. सुरेख गायली होती ती. मी ते ऐकत सुटलो, आणि कळत एक अक्षर नव्हतं. माझी बायको माझ्याशी परक्या भाषेत बोलत होती, आणि "सॉरी?" म्हणायची पाळी आता माझ्यावर आली होती.

एकदा सिग्नलला थांबलो असताना आठवलं. गाणं संपल्यावर ती माझ्याकडे वळून काहीतरी बोलली होती. मराठीत. काय, ते काही केल्या आठवेना. फाइलमध्ये शेवटच्या सुरानंतर काहीच नव्हतं.

मी मावशीला फोन करून ते बोलणं कुठे गेलं म्हणून विचारलं. "ते मीच काढायला लावलं," ती म्हणाली. "आईचं गाणं स्वच्छ हवं होतं मला." मग म्हणाली, "मूळ रेकॉर्डिंग त्या बेसमेंटवाल्याने ठेवलंय का, विचारते."

त्या आठवड्यात मी एकही मीटिंग धड केली नाही. कधी नव्हे ते गणपतीला नारळ बोललो.

रेकॉर्डिंग सापडलं. मी मावशीच्या घरी गेलो. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. गाणं संपलं, स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि मग ती. भूक लागली की व्हायचा तसा चिडका आवाज.

"झालं बाबा एकदाचं. चल, घरी जाऊ."

"काय म्हणाली?" मावशीने विचारलं.

मी इंग्रजीत सांगितलं. मावशीने माझा हात हातात घेतला. "आणि मी हे कापायला सांगितलं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही रडलो.

परतताना गाडीत तेवढाच तुकडा लावला, पुन्हा पुन्हा. बाहेर पाऊस होताच. चल, घरी जाऊ. चल, घरी जाऊ. गाडी गॅरेजमध्ये घेतली, इंजिन बंद केलं आणि शेजारच्या सीटकडे बघत म्हणालो, "आलं गं घर."